खडपांचा दर्या

अक्कलकुवा तालुक्यातील खापर गावी कोणी समुद्राची वाट विचारली, तर माणूस पश्चिमेकडे, गुजरातच्या सरहद्दीकडे बोट दाखवील. आणि ते वावगेही नाही, कारण तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणारी तापी या दोन्ही नद्या अखेर खंबायतच्या आखातासच मिळतात. परंतु दर्याच्या तळाशी उतरून तेथील सृष्टी प्रत्यक्ष पाहावी असा ज्याचा मनोदय असेल, त्याला हा जवळचा समुद्र निरुपयोगी. सातपुड्याची आणि खानदेशची माती या नद्या वर्षानुवर्षे तेथे नेऊन ओततात, आणि दिवसातून दोनदा कित्येक पुरुष उंच चढणारी भरती ती तळाशी स्वस्थ बसू देत नाही. तेव्हा खापरच्या माणसाला मुकाट्याने दक्षिणेची वाट धरून मालवणच गाठावे लागते.

मालवणच्या पाण्यात आज हौशी लोकांना जी स्थळे दाखवितात, त्यांची कीर्ती मुळात सौंदर्याची नव्हे, धास्तीची आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो बेटाभोवती पसरलेल्या, काही उघड्या पण बहुतेक पाण्याखाली दडलेल्या खडपांचा विचार करूनच. माहितगारावाचून मोठे जहाज त्यांतून निभावणे कठीण होते. निसर्गाने फुकट दिलेला हा दुसरा तटच म्हणावयाचा. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आजही दिसतात. दुर्गाच्या आरंभीचे पूजन येथेच झाले अशी परंपरा आहे. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, ते अर्थातच कोणाच्या तोंडी बसले नाही. तो त्यांनी लौकरच करवीरकरांना परत केला आणि १८१२ च्या तहान्वये मालवण पुन्हा इंग्रजांच्या अमलाखाली आले. राज्ये बदलली तरी खडपे जागची हलली नाहीत, आणि त्यांचा खरा दफ्तरखाना गाबीत मच्छीमारांच्या डोक्यातच राहिला. किनाऱ्यावरचे देऊळ, माडांची रांग, डोंगराचे टोक यांच्या रेषा जुळवून पाण्याखालचा खडक ओळखण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाते, तिला नकाशा लागत नाही.

भूमध्य समुद्रातील बेटांची कथाही याहून फारशी निराळी नाही. सिमी आणि कालिम्नोस या ग्रीक बेटांवरचे लोक समुद्राच्या तळाचा स्पंज काढून पोट भरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे धातूचे शिरस्त्राण आणि हवेची नळी असलेला पोशाख आला, तेव्हा माणसे अधिक खोल जाऊन अधिक वेळ राहू लागली, आणि घाईने वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन कित्येक जण जन्माचे पंगू झाले किंवा मेले. वर कोणत्या टप्प्यांनी यावे याचे कोष्टक हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे आधी बळी आणि मग शास्त्र, हा नेहमीचाच क्रम. सिमीच्या अशाच स्पंजवाल्यांना १९०० मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेले प्राचीन जहाज सापडले. ज्या नळकांड्याच्या जोरावर आजचा प्रवासी पाण्याखाली श्वास घेतो, त्याची झडप कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केली, आणि पोटासाठी उतरण्याच्या जागी हौसेसाठी उतरणे सुरू झाले.

खडक जहाजे गिळतो, याचा आपल्याकडील उत्तम पुरावा गोव्यास आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगावनजीकच्या सुंची खडकापाशी बुडालेल्या जहाजाचे अवशेष तपासले, त्यांत तोफेबरोबर हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात निघाले; आफ्रिकेचा माल गोव्याच्या उंबरठ्यावर येऊन बुडालेला! विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालील भिंतीवर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असे लोक सांगतात. ते सिद्ध करण्याचा पत्कर मी घेत नाही, पण मालवणचे खडक पाहिलेल्याला त्यात अशक्य असे काही वाटणार नाही.

सिंधुदुर्गाजवळ नवख्याला उतरवितात ते थोड्याच खोलीवर. पाठीशी एक तरबेज पाणबुड्या त्याला धरून असतो. कानात दडे बसले की नाक दाबून हवा सोडावयाची, आणि मुख्य म्हणजे अंगठा उभा करावयाचा नाही, कारण त्याचा अर्थ ‘उत्तम’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक’ म्हणावयाचे असेल तर अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करावे. प्रवाळाला हात लावू नये, अशी ताकीद असते, आणि ती रास्तच आहे.

हाच मुलूख १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याला मच्छीमारांचा विरोध आजतागायत शमलेला नाही. ज्या खडपांची ओळख त्यांनी पिढ्यानपिढ्या राखली, तेथे जाळे टाकण्यास मात्र आता परवाना विचारला जाईल, ही त्यांची धास्ती मला गैरवाजवी वाटत नाही. पर्यटकांच्या होड्यांवर त्यांच्याच घरांतली तरुण मुले कामाला असतात, हेही खरे. पण रापण ओढणाऱ्या बापाचा जाबसाल त्याने होत नाही.

मालवणच्या या पाण्यातल्याहून मोठे प्रवाळक्षेत्र विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर खुल्या समुद्रात आहे. त्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली २० मीटरच्या आसपास, म्हणून नवख्यांना तेथे मज्जाव. इंग्रजांच्या काळापासून त्याला आंग्रिया बँक म्हणतात, ते आंग्रे घराण्यावरून. १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे ज्यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, तेच आंग्रे.