शेवटच्या माणसाचा दोष: वानखेडे, १९९१ आणि दोन रन

कोणी अंधेरीला गर्दीत उभं राहून ऐकत असाल, कोणी मुलुंडला घरी भांडी घासताना. आजचा एपिसोड हरण्याबद्दल आहे. म्हणजे आपली टीम जिंकणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं आणि ती हरते, तेव्हा दोष कोणाचा?

आमच्या घरी, बोरिवलीत, या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांहून जास्त काळ ठरलेलं आहे. बाबांना विचारा, १९९१ची रणजी फायनल कोणामुळे गेली? एका सेकंदात उत्तर येतं: "कुरुविला. कशाला धावला तो?" मी जन्मलोही नव्हतो तेव्हा, पण हे वाक्य ऐकतच मोठा झालो. मग मागच्या महिन्यात ऑफिसात एक गोष्ट घडली आणि मी त्या मॅचचा स्कोरकार्ड काढून बसलो. ऑफिसचं शेवटी सांगतो. आधी मॅच.

मे १९९१. वानखेडे. बॉम्बे विरुद्ध हरियाणा, टीमचं नाव तेव्हा बॉम्बेच होतं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी करंडक जिंकलेली ही टीम. मैदान आपलं, कॅप्टन संजय मांजरेकर, टीममध्ये वेंगसरकर, नुकताच १८ पूर्ण झालेला सचिन, शिवाय विनोद कांबळी. समोर हरियाणा, ज्यांनी तोवर रणजी एकदाही जिंकली नव्हती. पण त्यांचा कॅप्टन होता कपिल देव.

पाचव्या दिवशी बॉम्बेला जिंकायला ३५५ हव्या होत्या. सुरुवातीलाच ३ बाद ३४. संपलं, असं वाटण्यासारखंच होतं. मग सचिन आला आणि ७५ बॉलमध्ये ९६ ठोकून गेला. वेंगसरकर एका बाजूने उभे राहिले. दुसऱ्या बाजूने विकेट पडत गेल्या. ९ बाद ३०५. अजून ५० हव्यात आणि शेवटचा बॅट्समन म्हणून येतोय उंचापुरा फास्ट बॉलर, अबी कुरुविला. करिअरची नुकती सुरुवात.

या दोघांनी ४७ काढल्या. वेंगसरकर १३९ नाबाद. पायात गोळे आलेले, म्हणून त्यांच्यासाठी लालचंद राजपूत रनर होता. स्कोर ३५२. तीन रन हव्यात. एक रन चोरायला गेले आणि कुरुविला रनआऊट. हरियाणा दोन रननी जिंकली. वेंगसरकर मैदानावरच रडले. ११६ टेस्ट खेळलेला माणूस.

बाबांच्या डोक्यात हा शेवटचा सीन फ्रीझ झालाय. आणि त्या फ्रेममध्ये कुरुविला आहे, म्हणून दोष कुरुविलाचा.

आता स्कोरकार्ड मागे स्क्रोल करूया. हरियाणाची पहिली इनिंग ५२२. दीपक शर्मा १९९, चेतन शर्मा ९८, अजय जडेजा ९४. उत्तरात बॉम्बे ४१०. म्हणजे पहिल्या इनिंगमध्येच ११२ रनची पिछाडी. रणजीचा नियम तुम्हाला माहीत असेल: फायनल ड्रॉ झाली की करंडक पहिल्या इनिंगला लीड घेणाऱ्याचा. त्यामुळे शेवटच्या दिवशी बॉम्बेकडे मॅच वाचवण्याचा पर्यायच नव्हता. ड्रॉ म्हणजे हारच. ३५५ मारायच्या, नाहीतर करंडक हरियाणाला. हा सापळा कुरुविलाने लावला नव्हता. तो पहिल्या दोन-तीन दिवसांत लागला, आणि त्यात बॉलिंग, बॅटिंग सगळ्यांचा वाटा होता. शेवटच्या दिवशीही वरच्या तिघांना मिळून ३४च्या पुढे जाता आलं नाही. कुरुविला टिकला नसता तर आपण ४९ रननी हरलो असतो आणि त्याचं नावही कोणाला आठवलं नसतं. तो टिकला, मॅच तीन रनवर आणली, आणि म्हणूनच दोषी ठरला!

आता गंमत बघा. समोर कपिल देव होता म्हटलं ना? साडेतीन वर्षं मागे जा. ५ नोव्हेंबर १९८७, हेच वानखेडे, वर्ल्ड कपची सेमीफायनल. भारत गतविजेता, घरचं मैदान, इंग्लंड समोर. ग्रॅहम गूचने आपल्या स्पिनर्सना स्वीप मारून मारून ११५ काढले. त्याने आदल्या दिवशी स्वीपचीच प्रॅक्टिस केली होती. इंग्लंड २५४. आपण २१९ ऑल आऊट. वेंगसरकर पोट बिघडल्यामुळे खेळूच शकले नव्हते. गावसकर ४ वर बोल्ड, त्यांची शेवटची इंटरनॅशनल इनिंग. पण लोकांना काय आठवतं? कपिलने हेमिंग्जला उचलून मारलं आणि मिडविकेटला गॅटिंगने कॅच घेतला. कपिलची कॅप्टन्सी गेली. आणि आली कोणाकडे? वेंगसरकरांकडे.

म्हणजे १९८७ला ज्याच्या डोक्यावर खापर फुटलं तो १९९१ला त्याच मैदानात करंडक घेऊन उभा, आणि ज्याला त्याची खुर्ची मिळाली तो रडतोय.

अजून एक पात्र राहिलं. हरियाणाच्या ५२२ मध्ये ९८ करणारा चेतन शर्मा. हा तोच, १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या बॉलवर पाकिस्तानला ४ हव्यात आणि मियांदादने सिक्स मारला. चेतन तेव्हा २० वर्षांचा होता. एक बॉल, फुलटॉस, आणि तो आयुष्यभर पाठीला चिकटला. पण त्याच मॅचमध्ये आपण १ बाद २१६ वरून ७ बाद २४५ वर अडकलो होतो, हे कोणी सांगतं का? त्या गडबडीला एक चेहरा नाही, म्हणून तिची गोष्ट होत नाही. १९८७च्या वर्ल्ड कपमध्ये याच चेतनने नागपूरला हॅटट्रिक घेतली. तरी नाव काढलं की आधी शारजा.

आणि हा आजार फक्त आपलाच नाही. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६, अमेरिकेत बेसबॉलची वर्ल्ड सिरीज. बॉस्टन रेड सॉक्स करंडकापासून एक आऊट दूर. साधा जमिनीवरून आलेला बॉल बिल बकनरच्या पायातून गेला आणि मॅच गेली. शहराने त्याला वर्षानुवर्षं माफ केलं नाही. पण बॉल पायातून जायच्या आधीच बॉस्टनने दोन रनची लीड घालवून बरोबरी होऊ दिली होती. आणि ती सहावी मॅच होती. सातवी बाकी होती, त्यात ते ३-० ने पुढे होते, आणि तीही हरले. २००८ मध्ये बकनरला बॉस्टनच्या मैदानात बोलावलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षं लागली.

मग काय, दोष कोणाचाच नाही? मी तसं म्हणत नाही. तो सोपा रस्ता झाला. कपिलने तो शॉट निवडला होता, त्यावर बोलायला हरकत नाही. कॅप्टन, सिलेक्टर, वरचे बॅट्समन यांच्याकडे वेळ होता, पर्याय होते. त्यांना प्रश्न विचारायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की हिशोब जिथे पर्याय होते तिथून सुरू करा. शेवटच्या माणसाकडे बहुतेक वेळा पर्याय उरलेलेच नसतात. त्याच्या वाट्याला इतरांनी शिल्लक ठेवलेली मॅच येते.

आता ऑफिस. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री आमची सिस्टिम दोन तास बंद पडली. शेवटचा बदल टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीने टाकला होता. सोमवारी मीटिंगमध्ये स्क्रीनवर तिचं नाव, वेळ, सगळं. सगळे तिच्याकडे बघतायत. ती म्हणाली, "सॉरी, माझ्याकडून झालं."

खरं कारण होतं की सर्व्हरची डिस्क भरली होती. तिचा बदल नसता आला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी बदलावर तेच झालं असतं. डिस्क भरत आली की अलार्म वाजायला हवा होता. तो वाजला नाही, कारण आठ महिन्यांपूर्वी रात्री सारखा वाजतो म्हणून कोणीतरी तो बंद केला होता.

तो मी. मीटिंगमध्ये मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

घरी आलो, बाबांशी काहीतरी बोलायचं म्हणून १९९१ काढलं. "कुरुविला," ते म्हणाले. मी पहिल्यांदाच वाद घातला. ५२२ सांगितले, ११२ सांगितले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "अरे, पण आम्हाला दिसला तोच ना."

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं, अलार्म मी बंद केला होता हेही. फार मोठं काही झालं नाही. मॅनेजर दोन वाक्यं बोलले. त्या मुलीने नुसता एक थम्सअप टाकला. पण मीटिंगमध्ये ती जे काही सहन करून गेली, ते परत घेता येत नाही.

बॉम्बेने कुरुविलाला घरी बसवलं नाही. १९९३-९४ला रवी शास्त्रीच्या कॅप्टन्सीत नऊ वर्षांनी रणजी परत आली. कुरुविला १९९७ मध्ये भारताकडून १० टेस्ट खेळला. ती फायनल मात्र हरियाणाची आजवरची एकमेव रणजी आहे, हेही लक्षात ठेवा. आपण "आपल्या कोणामुळे हरलो" यात इतके अडकतो की समोरचे चांगलं खेळले, हे म्हणायचंच राहून जातं.

पुढच्या वेळी आपली टीम हरली आणि फोनवर मीम यायला लागले, की फॉरवर्ड करायच्या आधी एकदा स्कोरकार्ड वरपासून वाचा. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.