दोन सुया आणि एक धागा

मराठीत 'विणणे' हा एकच शब्द कोष्ट्याच्या मागाला आणि लोकरीच्या सुयांना सारखाच लागू पडतो. नागपूरसारख्या कोष्ट्यांच्या गावात तरी हे थोडे खटकावयास हवे. मागावर ताणा आणि बाणा एकमेकांस छेदतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फाशातून पुन्हा पुन्हा बाहेर निघतो. कापड कापले की कापले. सुयांवरचे विणकाम मात्र टोक ओढताच पुन्हा धागा होऊन हाती येते. हा भेद आम्ही वाचला होता. तो कळला मात्र गेल्या हिवाळ्यात, शेजारच्या आजींपुढे लोकरीचा गुंडा घेऊन बसलो तेव्हा.

पहिल्या दिवशी वीस टाके घातले. दहा ओळी झाल्यावर मोजून पाहतो तो सत्तावीस! आजींनी सुया काढून घेतल्या, सगळे उसवले आणि म्हणाल्या, "अहो, काही वाया नाही गेलं. लोकर तेवढीच आहे." शाळेपासून कचेरीपर्यंत आमच्या चुकांची बोळवण इतक्या स्वस्तात कोणीही केली नव्हती. तिसऱ्यांदा वीसाचे वीसच टाके राहिले, तेव्हा वीतभर पट्टीकडे आम्ही किती वेळ पाहत बसलो हे सांगावयास संकोच वाटतो.

चौथ्या दिवशी उमगले की, उलट टाका हा काही निराळा टाका नव्हे; तो सुलट टाक्याचीच पाठ आहे. मनुष्यजातीलाही हे उशिराच सुचले असावे. इजिप्तमध्ये सापडलेले जुने विणलेले मोजे कित्येक शतकांपूर्वीचे आहेत, आणि तेही सुती! उलट टाक्याचा एक जुना पुरावा मात्र थेट फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिच्या मोज्यांत मिळतो. ती १५६२ साली वारली व त्या मोज्यांसह पुरली गेली. अर्थात चार-पाच सुयांवर गोल विणणाऱ्यास उलट टाक्यावाचून चालते, हेही खरे.

त्या काळी युरोपात हे पोटाचे काम होते, आणि विणकऱ्यांच्या संघांत पुरुष असत. १५८९ साली विल्यम ली ह्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र केले. गरिबांची भाकर जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, भीती खरी होती. नागपुरास ती निराळ्या वाटेने आली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. हातमागाला गिरणीच्या कापडाशी झुंजावे लागले, आणि कित्येक विणकरांची मुले भोंग्याच्या हाकेवर कामाला जाऊ लागली. आता तो भोंगाही थांबला आहे.

लोकरीच्या सुया आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरांबरोबर शिवण-विणकाम शिकवीत. मुलीच्या हाती पुस्तक दिसले तर कपाळाला आठी पडे. सुया दिसल्या तर कोणी काही म्हणत नसे. पुढे १९२३ साली ह्याच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्या झेंड्यावर चरखा होता. सूत काढण्याला असा देशकार्याचा मान मिळाला. लोकरीचे मोजे आणि टोपडी तशी मानाविनाच, दुपारच्या झोपेच्या वेळात, विणली जात राहिली.

म्हणूनच आमच्या आनंदात एक बोच आहे. आमची पट्टी वाकडी झाली तरी घरात चूल पेटते. ज्याचे पोट मागावर होते त्याला मागाचा आनंद विचारण्याचे धैर्य आम्हांस नाही. हिवाळ्यात येथे तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात, आणि तेथील यंत्रावर विणलेला स्वेटर आमच्या मफलरीपेक्षा कितीतरी सफाईदार असतो. तरीही २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता हे आठवून आम्ही नेटाने विणीत राहिलो.

संक्रांतीनंतर मफलर पुरी झाली. तेव्हा कोठे आजींनी सांगितले की, ती तपकिरी लोकर त्यांच्या मुलाच्या शाळेतल्या स्वेटरची होती. तो आता पन्नाशीचा आहे. मफलरीच्या एका कडेला बावीस टाके आहेत. आजी म्हणाल्या, "राहू द्या. उसवायला पुढचा हिवाळा आहेच."