रजोनिवृत्तीचे औषध आणि मुदतीचा प्रश्न

जो दाव्यात पक्षकारच नव्हता, त्याच्यावर त्या दाव्याचा निकाल सहसा बंधनकारक होत नाही, हा न्यायालयाचा साधा नियम आहे. वैद्यकाच्या इतिहासात हा नियम एकदा विसरला गेला व त्याचे फळ असंख्य प्रौढ स्त्रियांस भोगावे लागले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे. विषय घरोघरचा आहे. केवळ तो बोलून दाखविण्याची रीत आपल्याकडे नाही.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन हे संप्रेरक फार घटते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने निथळणे, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे, हे त्याचे परिणाम होत. ही उणीव भरून काढणारे प्रीमारिन हे औषध १९४२ साली अमेरिकेत मान्य झाले. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून ते काढीत. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून रजोनिवृत्तीस रोग ठरविले व या औषधास चिरतारुण्याचा मुलामा चढविला. १९७५ मध्ये एकट्या ईस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीस प्रोजेस्टोजेनची जोड देण्याची पद्धत पडली.

मोठा दावा उभा राहिला तो 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी चाचणीत. ५० ते ७९ वर्षांच्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींस ही दोन संप्रेरके व उरलेल्यांस तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली. या औषधाने हृदयविकार टळतो काय, हा मुख्य प्रश्न होता. जुलै २००२ मध्ये चाचणी मुदतीपूर्वीच थांबविली गेली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. प्रत्यक्षात दरवर्षी दहा हजार स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८ जणींस तो झाला होता. पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. उलट खुब्याचे अस्थिभंग कमी झाले. पण इतका हिशेब कोण वाचतो? लाखो स्त्रियांनी औषध सोडले.

निकाल खोटा नव्हता. तो कोणाविषयी होता, एवढेच पाहिले गेले नाही. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीची, वाफांनी हैराण झालेली स्त्री त्या दाव्यात क्वचितच होती. तरी निकाल तिच्यावर बजावला गेला. २००७ मध्ये तेच आकडे वयोगटांनुसार तपासले, तेव्हा रजोनिवृत्तीपासून जितका काळ लोटलेला, तितका हृदयाचा धोका अधिक असा कल दिसला. २०१६ मध्ये 'एलिट' चाचणीने ६४३ स्त्रियांच्या मानेतील धमन्या मोजल्या. सहा वर्षांच्या आत औषध घेणाऱ्यांत धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षे उलटून गेलेल्यांत मंदावला नाही.

म्हणून आज तज्ज्ञांचा सर्वसाधारण कौल असा, की त्रास असेल व अन्य बाधा नसेल तर साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत आरंभ करणे बहुधा हितावह ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले, तेव्हा आरंभाची हीच मर्यादा सांगितली.

मग मर्यादा ओलांडलेल्या स्त्रीने काय करावे? मुदतीच्या कायद्यातही सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होतो. मात्र प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून. येथेही तसेच. हृदय, रक्तदाब, गुठळ्यांचा व कर्करोगाचा पूर्वेतिहास पाहून डॉक्टरांनी ठरवावे. योनिमार्गाचा कोरडेपणा किंवा वारंवार होणारी मूत्रमार्गाची जळजळ यांसाठी तेथेच लावावयाचे अल्प मात्रेचे ईस्ट्रोजेन ही निराळी बाब आहे. ते रक्तात फारच थोडे उतरते व उशिराही देता येते.

आपल्या देशात रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. म्हणजे ती दहा वर्षे साठीपूर्वीच सरतात. घरातील वडीलधारी स्त्री 'वयाचेच आहे' म्हणून गप्प बसते आणि मुदत तिच्या नकळत निघून जाते. तिने औषध घ्यावेच, असे आम्ही म्हणत नाही. तिची बाजू वेळेवर ऐकली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.