दृष्टिहीनांसाठी ऑनलाइन सुरक्षा : कानांनी काय तपासायचं?

उज्जैन : महाकालाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून बाराही महिने भाविक येतात. भस्म आरतीची नोंदणी, खोली, गाडी, देणगी, सगळं आता मोबाइलवर होतं. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. ही उलाढाल वाढणार, तशा बनावट वेबसाइटही वाढणार. दृष्टिहीन व्यक्तीला फोन जे वाचून दाखवतो त्यावरच भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे नेमकं काय ऐकायचं, हे माहीत असलेलं बरं.

पत्ता अक्षरागणिक ऐका
लोगो आणि रंगांची नक्कल सोपी असते, पत्त्याची नाही. अँड्रॉइडमधल्या टॉकबॅकमध्ये आणि आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्ये मजकूर एकेक अक्षर ऐकता येतो. 'ओ'च्या जागी शून्य किंवा 'एल'च्या जागी एक घातला असेल तर तो असा पकडता येतो. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्यावा, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. हा शेवट ऐकू आला नाही तर पुढे जाऊ नये. गुगलवर शोधताना 'स्पॉन्सर्ड' ऐकू आलं, तर ती जाहिरात आहे हे ओळखावं.

फोन बोलतो ते शेजारचाही ऐकतो
बसमध्ये, रांगेत, बँकेत इअरफोन लावावा. एका कानात पुरे. स्क्रीन काळी ठेवूनही फोन वापरता येतो. व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा पडतो. टॉकबॅकच्या मेनूतही स्क्रीन लपवायचा पर्याय आहे. ओटीपीचे मेसेज लॉक स्क्रीनवर येणार नाहीत, अशी सेटिंग करून घ्यावी.

ॲक्सेसिबिलिटीची परवानगी
सर्वात मोठा धोका इथे आहे. टॉकबॅक चालतं ते 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगीवर. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं, बटणंही दाबू शकतं. लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलमधली फसवी ॲप्सही तीच मागतात. सवयीने 'अलाऊ' दाबलं की खातं चोराच्या हातात. स्क्रीन रीडर सोडून दुसऱ्या कुणाला ही परवानगी दिलीय का, ते सेटिंगमध्ये अधूनमधून तपासावं.

पैसे देताना, घेताना
यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. दुकानातल्या क्यूआर कोडवर दुसराच कोड चिकटवला असू शकतो. म्हणून स्कॅन केल्यावर आलेलं नाव ऐकावं, दुकानदाराला विचारावं आणि मगच पिन टाकावा. दृष्टिहीन दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर जाऊ नये. साउंडबॉक्स बोलला तरच पैसे आले.

मदत कुणाची?
ॲप अडलं की फोन जवळच्या माणसाच्या हातात दिला जातो, पिनही सांगितला जातो. घरातल्या किंवा ओळखीच्या एक-दोन विश्वासू माणसांची नावं आधीच ठरवावीत. मदत घ्यावी, पण पिन स्वतःच टाकावा. 'तुम्हाला दिसत नाही, मी करून देतो' म्हणत फोनवरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावणारा माणूस बँकेचा नसतो.

फसवणूक झालीच तर
ताबडतोब १९३० वर फोन करावा. हा नंबर सगळ्या राज्यांत एकच आहे. बँकेलाही लगेच कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून लाजून गप्प बसू नये. महाराष्ट्रातला माणूस उज्जैनात फसला, तरी एफआयआर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येतो. त्याला 'झिरो एफआयआर' म्हणतात.

बँकेचं ॲप स्क्रीन रीडरला साथ देत नसेल तर लेखी तक्रार करावी. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटलं आहे. जे ॲप दृष्टिहीनाला स्वतः वापरता येत नाही, ते त्याला पिन दुसऱ्याला सांगायला भाग पाडतं.