बल्गेरियाचे तीन गोल

आमचे आप्पा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले आणि पुढं हैदराबादला गेले. धाराशिवच्या पोराला तेव्हा शहर म्हणजे हैदराबादच. आमच्याकडं खेळ म्हणावेत तर खो-खो आणि कुस्ती; पण आप्पा तिकडून आले ते फुटबॉलचं वेड घेऊन. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांचा संघ. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं या संघानं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. आप्पा 'रहीमसाब' म्हणताना पाठ ताठ करून बसत.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आजोबांनी कुंथलगिरीचे पेढे वाटले. आप्पांनीही वाटले म्हणतात. रझाकारांच्या दिवसांत घरानं काय भोगलं ते त्यांनी पाहिलेलं होतं. तरी त्यांचा संघ तिकडं राहिला, हे त्यांना लागलंच.

त्याच हिवाळ्यात मेलबर्नचं ऑलिंपिक. भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीमसाबच. संघात हैदराबादचे अझीझ, नूर मोहम्मद, सिकंदराबादचा बलराम आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा. आप्पांचं जुनं राज्य आणि नवं राज्य एकाच बाजूनं खेळत होतं! नेव्हिलनं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, आपण ४-२ नं जिंकलो. आप्पांनी ही बातमी शेतात, आगटीभोवती हुरडा खाता खाता सगळ्यांना सांगितली, असं आजी म्हणायची. काका म्हणतो, हुरडा नंतरचा, आधी पेपर आला. दोघांचंही ऐकत मी मोठा झालो.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियानं ४-१ नं हरवलं. राहिलं कांस्यपदक. ७ डिसेंबरला समोर बल्गेरिया, आणि आपण ०-३ नं गेलो. त्यातले दोन गोल दिमितर मिलानोव्हचे. आप्पा हे नाव 'मिलनराव' असं घ्यायचे, म्हणून ते आमच्या घरात टिकलं.

हा मिलानोव्ह कुठला, ते मी मोठेपणी शोधलं. सोफियाच्या लष्करी क्लबाचा. हा क्लब निघाला १९४८ साली, म्हणजे आमच्याकडं पोलीस ॲक्शन झाली त्याच वर्षी, आणि पहिल्याच वर्षी देशाचा विजेता ठरला. १९५४ पासून १९६२ पर्यंत सलग नऊ वेळा बल्गेरियाचं अजिंक्यपद त्यांच्याकडंच. १९५६ चंही त्यांचंच. बल्गेरियाच्या ऑलिंपिक संघातही बरेच जण याच क्लबाचे. आपल्या पोरांपुढं उभे राहिले ते असे एकत्र मुरलेले गडी. हे आप्पांना सांगायला हवं होतं. त्यांना वाटायचं, पोरं थकली म्हणून पदक गेलं.

१९६२ च्या सप्टेंबरात जाकार्ताला आशियाई सुवर्ण मिळालं. दक्षिण कोरियावर २-१ नं मात केली. रहीमसाबांना तेव्हा कॅन्सर होता. पुढच्याच वर्षी ते गेले. सुवर्णाची बातमी घेऊन आप्पा थेट चुलीपाशी आले. आजी भाकरी थापत होती.

"वैनी, जिंकलो!"

"त्या बल्गेरियाला हरवलं का?"

"नाही वैनी, कोरियाला."

"मग बल्गेरिया राहिलाच की," आजी म्हणाली, आणि शेंगाची चटणी वाढून त्यांना जेवायला बसवलं.