न दिसणारा केंद्रबिंदू

जिग म्हणजे काय, हे काळेवाडीतल्या शाळांना वेगळे सांगायला नको. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणारे पालक तो रोज हाताळतात. छिद्र नेमक्या जागी पडावे म्हणून ड्रिलला वाट दाखवणारे साधन म्हणजे जिग. गुडघा बदलणारे शल्यविशारदही हाड कापताना जिग वापरतात. पण ज्या हाडावर जिग बसवायचा, तेच वाकडे असेल तर? या प्रश्नाला उत्तर कसे मिळत गेले, ते आपण पाहू.

आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत होते. पुढे २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे बदलले.

शरीराचा भार खुब्याच्या केंद्रातून गुडघ्याच्या मध्यातून घोट्याच्या मध्याकडे सरळ रेषेत जावा, म्हणजे १८० अंशांचा कोन व्हावा, असा जुना दंडक आहे. साधारण ३ अंशांपर्यंतचा फरक चालतो, असे मानत आले. मात्र खुब्याचे केंद्र मांसाखाली दडलेले असते. म्हणून मांडीच्या हाडाच्या पोकळीत गुडघ्याकडून एक दांडी घालतात आणि तिच्याशी ठरावीक कोन करून हाड कापतात. जुना अस्थिभंग वाकडा जुळला असेल, तर ही दांडी आत शिरत नाही किंवा भलतीच दिशा दाखवते. मांडीचे हाड ४० सेंमी धरले, तर गुडघ्यापाशी ३ अंशांनी चुकलेली रेषा खुब्यापाशी सुमारे २ सेंमी बाजूला जाते.

२१ जानेवारी १९९७ रोजी फ्रान्समधील ग्रनोबल येथे डोमिनिक सारागाग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या मार्गदर्शनाने गुडघा बसवला. युक्ती भूमितीची होती. हाडाला खुणा जोडायच्या, अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांची जागा मोजायची आणि पाय खुब्याभोवती हळूहळू फिरवायचा. मांडीवरची खूण एका गोलाच्या पृष्ठभागावरच फिरते. त्या गोलाचे केंद्र म्हणजेच खुब्याचे केंद्र! दांडीची गरजच उरली नाही.

मुंबईत डॉ. अरुण मुल्लाजी आणि सहकाऱ्यांनी ४६७ गुडघ्यांवर नेहमीची पद्धत आणि संगणक यांची तुलना करून ती २००७ साली प्रसिद्ध केली. संगणक वापरलेल्या गटात ३ अंशांच्या मर्यादेबाहेर गेलेले पाय कमी होते. २००९ साली मुल्लाजी आणि गौतम शेट्टी यांनी सांध्यापासून दूर हाड वाकलेल्या रुग्णांचा अनुभव मांडला. अशा रुग्णाचे हाड आधी तोडून सरळ करण्याची वेगळी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळू शकते, ही गोष्ट मोठ्या दिलाशाची आहे.

संगणक कोन सांगतो. अस्थिबंध किती सैल करायचे, हे मात्र शल्यविशारदच ठरवतो. साध्या गुडघ्यात या पद्धतीचा फायदा किती, याबद्दल मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २०१५ साली ६५ वर्षांखालील रुग्णांत फेरशस्त्रक्रिया कमी आढळल्या.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. वर्तुळाचा नुसता कंस देऊन त्याचे केंद्र विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. दोन जीवांचे लंबदुभाजक जिथे छेदतील, तिथे ते सापडेल. हीच कृती त्रिमितीत केली, की वाकडा पाय सरळ करण्याची वाट दिसते.