शीर्षकपृष्ठ नसलेली पुस्तके

एकाच सुरावटीवर पोसलेल्या आपल्या कानांना चार गळ्यांनी चार वाटांनी गायलेले गाणे प्रथम गोंधळाचे वाटते. विल्यम बर्डचा चार आवाजांचा 'मास' ऐकताना माझेही तेच झाले. तो कुणासाठी लिहिला हे वाचले, आणि मग तो वेगळा ऐकू येऊ लागला.

मास म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, त्या काळी लॅटिनमधून होणारी. इंग्लंडात १५५९ च्या कायद्याने तिच्या जागी इंग्रजी उपासना सक्तीची झाली. १५८१ पासून मासला हजर राहणाऱ्याला दंड आणि वर्षाचा तुरुंगवास ठरला. १५८५ पासून तर परदेशी दीक्षा घेतलेल्या पाद्र्याने देशात राहणे हाच राजद्रोह झाला.

बर्ड कॅथलिक होता, आणि एलिझाबेथ राणीच्या प्रार्थनागृहात नोकरीलाही होता! १५७५ मध्ये राणीने त्याला व ज्येष्ठ सहकारी थॉमस टॅलिसला संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला होता. तरीही चर्चला न गेल्याबद्दल त्याच्या पत्नीवर आणि पुढे त्याच्यावरही आरोप होत राहिले.

१५९३ च्या सुमारास तो एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी गावी राहायला गेला. जवळच इंगटस्टोनला त्याच्या आश्रयदात्या पीटर या कॅथलिक घराण्याचा वाडा होता. अशा घरांतून उपासना चोरून चाले. याच सुमारास, १५९२ ते १५९५ दरम्यान, त्याचे चार, तीन आणि पाच आवाजांचे मास छापून निघाले. त्यांना शीर्षकपृष्ठ नाही, मुद्रकाचे नाव नाही, साल नाही. सजावटीच्या अक्षरठशांची झीज ताडून अभ्यासकांनी साले ठरवली. बर्डचे स्वतःचे नाव मात्र पानांवर छापलेले आहे!

या रचनांना मोठा गायकवृंद लागत नाही. प्रत्येक आवाजाला एक गळा असला तरी भागते. चार आवाजांच्या मासच्या शेवटी शांतीची याचना आहे. तिथे एक आवाज आपला सूर धरून राहतो, दुसरा त्याला बोचतो, मग पहिला एक पायरी उतरतो आणि बोच सुटते. लगेच दुसऱ्या जोडीत तेच. शांती मिळते, पण पुन्हा पुन्हा मागून.

४ जुलै १६२३ रोजी बर्ड वारला. राजाच्या प्रार्थनागृहाच्या वहीत त्याची नोंद संगीताचा पिता म्हणून झाली. ज्या राज्यात त्याची उपासना गुन्हा होती, त्याच राज्याची ती वही. संधी मिळाली तर हा मास जरूर ऐका. शक्यतो चौघांनीच गायलेला.